पाचामुखी परमेश्वर? दोन फेऱ्या जिंकूनही बॉक्सर हरतो कसा

29 जुलै 2021, टोकियो ऑलिम्पिक. कोलंबियाच्या इंग्रिट व्हॅलेन्सियाशी लढून मेरी कोम हसतमुखाने रिंगमधून उतरली. डोपिंग चाचणीला नेलं तेव्हाही ती खुशीतच होती, कारण आपण जिंकलो अशी तिची पक्की समजूत होती. सोशल मीडियावर पाहिलं आणि प्रशिक्षकांनीही तेच सांगितलं, तेव्हा कुठे तिला कळलं की निकाल 3-2 असा तिच्याविरुद्ध गेला आहे.

सहा वेळा जगज्जेती ठरलेल्या बाईला स्वतःच्या लढतीचा निकाल कळला नाही, तर रात्री जागून टीव्ही बघणाऱ्या आपल्याला काय कळणार? तीन वर्षांनी पॅरिसमध्ये निशांत देव उपांत्यपूर्व फेरीत मेक्सिकोच्या मार्को व्हर्देकडून हरला. त्यानंतर 2008 चा कांस्यपदक विजेता विजेंदर सिंगनेही लिहिलं की, ही गुणपद्धत काय आहे ते मला कळत नाही. म्हणजे आपण एकटे नाही.

या लेखात तो हिशेब उलगडायचा आहे. गणित तिसरीच्या पोराला येईल इतकं सोपं आहे. घोळ गणितात नाहीच.

मराठीत एक गंमत आहे. पंच म्हणजे पाच. पंच म्हणजे निवाडा करणारा. आणि इंग्रजीतून आलेला पंच म्हणजे ठोसा. ऑलिम्पिक बॉक्सिंगच्या निकालात 3-2 किंवा 4-1 असं दिसतं, तेव्हा आपण नकळत तिसरा अर्थ घेतो. याने तीन मारले, त्याने दोन मारले. फुटबॉलच्या गोलांसारखं. तसं ते नसतं. 3-2 म्हणजे पाच पंचांपैकी तिघांना हा जिंकला असं वाटलं आणि दोघांना तो. त्या आकड्यात ठोसे मोजलेलेच नसतात, डोकी मोजलेली असतात.

ही चूक आपल्याकडून होते त्याला कारणही आहे. एके काळी तो आकडा खरोखरच ठोशांचा असायचा. बीजिंगमध्ये विजेंदरने इक्वेडोरच्या कार्लोस गोंगोराला 9-4 असं हरवून पदक पक्कं केलं, तेव्हा ते नऊ आणि चार मोजलेले ठोसे होते. लंडनला 2012 मध्ये मेरी कोम निकोला ॲडम्सकडून 11-6 अशी हरली, तेही ठोसेच. तीच मेरी टोकियोत 3-2 ने हरली तेव्हा आकड्याचा अर्थ पार बदललेला होता. मधल्या नऊ वर्षांत खेळाने आपली मोजपट्टीच फेकून दिली होती. का फेकली, ते पुढे येईलच. आधी आजची पद्धत.

नऊ मिनिटं, पाच खुर्च्या

लढत तीन फेऱ्यांची. प्रत्येक फेरी तीन मिनिटांची आणि मध्ये एक मिनिट विश्रांती. एक जण लाल कोपऱ्यातून येतो, दुसरा निळ्या. रिंगमध्ये दोघांबरोबर फिरणारा तिसरा माणूस म्हणजे रेफ्री. तो लढत थांबवतो, ताकीद देतो, खाली पडलेल्याला आकडे मोजून दाखवतो. पण गुण देणं त्याच्या हातात नसतं. गुण देणारे पाच पंच रिंगच्या चारी बाजूंना खाली बसलेले असतात. एकाला जो ठोसा लख्ख दिसतो, तो समोरच्या बाजूला बसलेल्याला दिसेलच असं नाही. त्याच्या डोळ्यांपुढे त्या क्षणी फक्त एका बॉक्सरची पाठ असते. म्हणून तर पाच जण.

प्रत्येक फेरी संपली की प्रत्येक पंच आपापलं उत्तर नोंदवतो. फेरी जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला बहुतेक वेळा 9. एकाने दुसऱ्याला फारच धुतलं असेल तर 8, आणि अगदीच एकतर्फी असेल तर 7. बरोबरी नाही. फेरी कितीही अटीतटीची असो, कोणाला तरी 10 द्यावेच लागतात. नवख्या प्रेक्षकाला इथेच पहिला धक्का बसतो. केसाच्या फरकाने जिंकलेली फेरीही 10-9, आणि बऱ्यापैकी वर्चस्व गाजवून जिंकलेली फेरीही 10-9. थोडक्यात जिंका किंवा ठणकावून जिंका, हातात एकच गुण.

आता मेरीचं कोडं सोडवू. तिची पहिली फेरी पंचांनी 4-1 अशी व्हॅलेन्सियाला दिली. दुसरी आणि तिसरी, दोन्ही 3-2 अशा मेरीच्या बाजूने गेल्या. तीनपैकी दोन फेऱ्यांमध्ये बहुमत मेरीकडे. मग ती हरली कशी?

कारण फेऱ्यांचं बहुमत कोणी मोजतच नाही. प्रत्येक पंचाची स्वतंत्र वही असते, आणि शेवटी त्याची स्वतःची बेरीज त्याचं मत ठरवते. समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक लढत घेऊ. फेऱ्यांचे आकडे मेरीच्या लढतीसारखेच, पंच मात्र माझ्या मनातले.

पहिल्या पंचाने तिन्ही फेऱ्या लालला दिल्या: 30-27, मत लालला. दुसऱ्याने पहिली आणि दुसरी लालला, तिसरी निळ्याला: 29-28, मत लालला. तिसऱ्याने पहिली आणि तिसरी लालला, मधली निळ्याला: पुन्हा 29-28, मत लालला. चौथ्याने फक्त पहिली लालला दिली, उरलेल्या दोन निळ्याला: मत निळ्याला. पाचव्याने तिन्ही निळ्याला.

आता बोटांवर मोजा. पहिली फेरी 4-1 लाल. दुसरी 3-2 निळा. तिसरी 3-2 निळा. दोन फेऱ्या निळ्याच्या, पण पाचपैकी तीन वह्या लालच्या. हात लालचा वर जातो. लबाडी कुठेही नाही, बेरजेचीही चूक नाही. आपल्याकडे निवडणुकीत एकूण मतं जास्त मिळूनही जागा कमी येतात, त्यातलाच हा प्रकार.

टोकियोपासून ऑलिम्पिकमध्ये प्रत्येक फेरीनंतर गुण जाहीर दाखवायला लागले. पारदर्शकतेसाठी ते चांगलंच झालं, पण दोन फेऱ्या आपल्या झाल्या म्हणजे लढत आपली झाली, हा समज त्यातून आणखी घट्ट होतो. शिवाय लढतीचा रंगही बदलतो. पहिल्या दोन फेऱ्या पाचही पंचांनी समोरच्याला दिल्या असतील, तर प्रत्येक वहीत 20-18 अशी पिछाडी असते. मग तिसरी फेरी 10-9 ने जिंकून काही उपयोग नाही. समोरच्याला लोळवावंच लागतं. तुम्ही पाहिलं असेल, शेवटच्या फेरीत एखादा बॉक्सर अचानक बेभान होऊन दोन्ही हात फिरवत धावून जातो. त्याचं डोकं फिरलेलं नसतं, त्याने फळा वाचलेला असतो.

पंच बघतात तरी काय

कागदावर निकष तीन. दर्जेदार ठोसे किती बसले, तांत्रिक आणि डावपेचांच्या बाजूने लढतीवर पकड कोणाची, आणि लढण्याची जिगर कोणाची. क्रमही साधारण हाच.

दर्जेदार ठोसा म्हणजे काय, यावर थोडं थांबायला हवं. बंद मुठीचा, बोटांच्या मागच्या सांध्यांकडचा भाग लागला पाहिजे. तो डोक्याच्या किंवा कमरेच्या पट्ट्यावरच्या अंगाच्या पुढच्या वा बाजूच्या भागावर बसला पाहिजे. मध्ये समोरच्याचा हात किंवा ग्लोव्ह येता कामा नये, आणि ठोशामागे खांद्याचं, अंगाचं वजन असलं पाहिजे. चापट मारल्यासारखा उघड्या हाताचा फटका, डोक्याच्या मागे लागलेला फटका, ग्लोव्हवर अडलेला फटका यांची किंमत शून्य. टीव्हीवर ज्या ठोशांना प्रेक्षक आरोळ्या ठोकतात, त्यांतले कितीतरी ग्लोव्हवर अडलेले असतात. आवाज मोठा होतो, कारण चामड्यावर चामडं आपटतं. उलट पोटात आत शिरलेला एखादा छोटा ठोसा ना ऐकू येतो, ना कॅमेऱ्याला दिसतो. तो फक्त खाणाऱ्याला कळतो, आणि तिसऱ्या फेरीत त्याचे पाय जड झाले की मग आपल्याला.

पकडीचं म्हणाल तर पुढे पुढे जाणारा नेहमी वरचढ असतो असं नाही. मागे सरकत, समोरच्याला बोलावून, तो हुकला की मारणारा बॉक्सर तितकाच मालक असू शकतो. यावरच पंचांचे डोळे वेगळे होतात. एकाला आक्रमण दिसतं, दुसऱ्याला नुसती धावपळ. दोघेही प्रामाणिक असतात.

ज्यांना व्यावसायिक बॉक्सिंग बघायची सवय आहे, त्यांनी दोन फरक लक्षात ठेवावेत. तिकडे पंच तीन आणि फेऱ्या बारापर्यंत, इकडे सगळा खेळ नऊ मिनिटांत. तिकडे पहिली फेरी चाचपणीत घालवली तरी चालतं. इथे पहिली फेरी म्हणजे पेपरचे तेहतीस टक्के. आणि तिकडे समोरच्याला खाली पाडलं की फेरी बहुधा 10-8 होते, इकडे तसं आपोआप होत नाही. पाडणारा ठोसा हा एक उत्तम ठोसा म्हणून धरला जातो, बाकीची फेरी कशी गेली तेही बघितलं जातं.

खाली न पडताही कोणी गडबडलेला दिसला, तर रेफ्री लढत थांबवून आठपर्यंत मोजतो. आठ आकडे झाल्याशिवाय लढत पुन्हा सुरू होत नाही, मग तो बॉक्सर दुसऱ्याच सेकंदाला ताठ उभा राहिला असला तरी. निकालाच्या रकान्यात आरएससी लिहिलेलं दिसलं, तर रेफ्रीने लढत थांबवून विजेता ठरवला असं समजायचं. आपल्या जत्रेतल्या भाषेत ही निकाली कुस्ती. बाकी सगळ्या गुणांवरच्या कुस्त्या. आणि गुणांवरची कुस्ती म्हटली की पंचांवरून काय होतं, ते महाराष्ट्र केसरी बघणाऱ्याला सांगायला नको.

वारंवार मिठी मारून धरणं, डोकं पुढे घालणं, कमरेखाली मारणं अशा गोष्टींसाठी रेफ्री आधी समज देतो. नाहीच ऐकलं तर लढत थांबवून पंचांकडे वळून जाहीर ताकीद देतो. ही ताकीद महाग पडते. पाचही वह्यांतून एकेक गुण जातो. ज्या खेळात लढती एका गुणाने ठरतात, तिथे हे म्हणजे परीक्षेत कॉपी पकडली गेल्यासारखंच.

बटणांचा जमाना

आता तो मोजपट्टीचा इतिहास. याची सुरुवात सोलपासून करावी लागते.

1988 च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा रॉय जोन्स ज्युनियर आणि यजमान दक्षिण कोरियाचा पार्क सी-हुन यांच्यात लाइट मिडलवेटची अंतिम लढत झाली. अमेरिकी टीव्हीवरच्या मोजणीनुसार जोन्सचे 86 ठोसे बसले, पार्कचे 32. निकाल 3-2, पार्क विजयी. खुद्द पार्कलाही आपण जिंकलो यावर विश्वास बसला नव्हता. बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मग त्याच स्पर्धेतला सर्वोत्तम शैलीचा बॉक्सर म्हणून व्हॅल बार्कर करंडक जोन्सला दिला. त्याचा रंग रौप्यपदकाला काही चढला नाही. पार्कला मतं देणाऱ्यांपैकी एका पंचाने नंतर सांगितल्याचं छापून आलं की, बाकीचे चौघे जोन्सलाच मत देतील, यजमानांची 5-0 अशी नामुष्की नको, म्हणून मी एक मत पार्कला टाकलं. हे खरं असेल तर लाचेपेक्षाही विचित्र म्हणायचं. दयेने केलेला अन्याय. ऑलिम्पिक समितीने चौकशी केली, तिला लाचेचा पुरावा मिळाला नाही आणि निकाल कायम राहिला. 2023 मध्ये पार्क स्वतः अमेरिकेत जोन्सच्या गावी गेला आणि ते सुवर्णपदक त्याच्या हातात ठेवून आला.

जाता जाता: त्याच सोलच्या स्पर्धेत भारताच्या छोट्याशा बॉक्सिंग संघात मनोज पिंगळे आणि शाहूराज बिराजदार ही दोन मराठी नावं होती. आज ती फारशी कोणाला आठवत नाहीत.

सोलची लाज धुवायला पुढच्याच ऑलिम्पिकला, 1992 मध्ये बार्सिलोनात, संगणक आला. प्रत्येक पंचापुढे दोन रंगांची बटणं. लालचा ठोसा बसला की लाल दाबा, निळ्याचा बसला की निळं. पाचपैकी किमान तिघांनी एका सेकंदाच्या आत तेच बटण दाबलं, तरच तो ठोसा खात्यात जमा. मत नाही, मर्जी नाही, नुसती मोजणी. ऐकायला किती न्याय्य वाटतं!

मला विचाराल तर खेळाचं जास्त नुकसान याच बटणांनी केलं. विचार करा, दोन बॉक्सर जवळ येऊन चार सेकंदांत सहा-सात ठोशांची सरबत्ती करतात. पंचाचं बोट तितकं वेगाने चालतं का? एकाचं बोट पहिल्या ठोशावर पडतं, दुसऱ्याचं तिसऱ्यावर. सेकंद उलटून जातो. सगळे ठोसे वाया. पोटावरचे ठोसे तर जवळजवळ मोजलेच जात नव्हते, कारण ते सगळ्या बाजूंनी दिसत नाहीत. याउलट लांबून येऊन एकच सुटा, स्वच्छ ठोसा डोक्यावर टेकवायचा आणि पळायचं, हे पाचही जणांना दिसतं. बॉक्सर काही खुळे नव्हते. त्यांनी जे मोजलं जातं तेच मारायला सुरुवात केली. खेळ तलवारबाजीसारखा झाला. टोचा आणि मागे व्हा. ठोशात जोर असो वा नसो, गुण एकच.

आणि वाद थांबले का? लंडन 2012 मध्ये विकास कृष्णने अमेरिकेच्या एरॉल स्पेन्सला 13-11 असं हरवलं. अमेरिकेने तक्रार केली, चित्रफीत पाहिली गेली, विकासने धरून ठेवल्याचे आणि माउथगार्ड थुंकल्याचे दोष काढले गेले, स्पेन्सच्या खात्यात चार गुण टाकले आणि निकाल 15-13 असा उलटला. जिंकून झोपायला गेलेला पोरगा स्पर्धेबाहेर. त्याच स्पर्धेत जपानच्या सातोशी शिमिझूने अझरबैजानच्या प्रतिस्पर्ध्याला शेवटच्या फेरीत सहा वेळा खाली पाडलं आणि तरी गुणफलकावर तो 22-17 असा हरला. तो निकाल अपिलात फिरवला गेला आणि रेफ्रीला घरी पाठवलं गेलं. यंत्राने मोजलं म्हणून माणूस बाजूला होत नाही. बटणावर बोट माणसाचंच असतं.

2013 मध्ये बटणं गेली आणि व्यावसायिक बॉक्सिंगसारखी दहा गुणांची पद्धत आली. त्याच सुमारास पुरुषांच्या डोक्यावरचं हेडगार्डही काढलं. ते 1984 च्या लॉस एंजेलिसपासून होतं. हेडगार्डने भुवई फाटणं कमी होतं, पण कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका थांबत नाही, शिवाय बॉक्सर निर्धास्त होऊन डोकं पुढे घालतो, असा युक्तिवाद होता. महिलांचं हेडगार्ड मात्र राहिलं आणि पॅरिसमध्येही होतं. एकाच खेळात बाईच्या आणि पुरुषाच्या कवटीला वेगळा न्याय का, याचं पटणारं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

नव्या पद्धतीची पहिली मोठी ठेच भारतालाच लागली. 2014 ची इंचॉन आशियाई स्पर्धा, 60 किलो, उपांत्य लढत. मणिपूरची सरिता देवी विरुद्ध यजमान कोरियाची पार्क जी-ना. बघणाऱ्या बहुतेकांना सरिता स्पष्ट पुढे वाटत होती. निकाल 0-3. भारताने तक्रार केली तर उत्तर आलं की पंचांच्या गुणांविरुद्ध तक्रार करायची सोयच नियमांत नाही. दुसऱ्या दिवशी पदकवितरणाच्या वेळी सरिताने कांस्यपदक गळ्यात घालून घेतलं नाही, हातात घेतलं आणि रडत रडत पार्कच्याच गळ्यात अडकवलं. तिच्यावर एक वर्षाची बंदी आली. पंचांचं काय झालं, ते कोणी विचारलं नाही.

रिओत 2016 मध्ये कडेलोट झाला. तेव्हा पाच पंच गुण द्यायचे, पण संगणक त्यांतले कोणतेही तीन निवडायचा आणि तेवढेच मोजायचे. आयर्लंडचा मायकेल कॉनलन रशियाच्या व्लादिमीर निकितिनकडून हरल्याचं जाहीर झालं. कॉनलनने पंचांना मधलं बोट दाखवलं, ते छायाचित्र जगभर गेलं. जिंकलेला निकितिन मात्र इतका मार खाल्लेला होता की पुढची लढत लढायला उतरूच शकला नाही. पुढे रिचर्ड मॅक्लारेन यांच्या चौकशी अहवालात रिओत लढतींचे निकाल फिरवण्याची यंत्रणा होती असा निष्कर्ष निघाला. सोयीचे पंच सोयीच्या लढतींवर बसवायचे, ही त्यातली मुख्य युक्ती. रिओतल्या 36 च्या 36 पंच-रेफ्रींना टोकियोपासून लांब ठेवलं गेलं.

बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं पुढे काय झालं ते थोडक्यात. तिला ऑलिम्पिक समितीने 2019 मध्ये निलंबित केलं आणि 2023 मध्ये तिची मान्यताच काढली. टोकियो आणि पॅरिसचं बॉक्सिंग समितीने स्वतःच चालवलं. वर्ल्ड बॉक्सिंग नावाची नवी संघटना उभी राहिली, भारत 2024 मध्ये तिच्यात गेला, आणि मार्च 2025 मध्ये लॉस एंजेलिस 2028 साठी बॉक्सिंगला हिरवा कंदील मिळाला. नाहीतर हा खेळ ऑलिम्पिकमधून जवळजवळ गेलाच होता.

आज पाचही पंचांचे गुण धरले जातात आणि कोणत्या लढतीला कोण बसणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं यादृच्छिक ठरतं. दाद मागण्याच्या सोयीचं मात्र बरीच वर्षं येरे माझ्या मागल्या होतं. 2019 च्या जागतिक स्पर्धेत सोय होती, पण निकाल 3-2 किंवा 3-1 असेल तरच. मेरी उपांत्य लढत 4-1 ने हरली आणि भारताचं अपील दारातूनच परत आलं. टोकियोत तर तीही सोय नव्हती.

पदक पक्कं, पण कधी?

बॉक्सिंगमध्ये तिसऱ्या क्रमांकाची लढत होत नाही. उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्य. मार खाल्लेल्या दोन माणसांना पुन्हा एकमेकांसमोर उभं करू नये, इतकं साधं शहाणपण. म्हणून उपांत्यपूर्व लढत जिंकली की बातम्यांत भारताचं पदक निश्चित अशी पट्टी झळकते. टोकियोत लवलीना बोर्गोहाईंने चिनी तैपेईच्या चेन निएन-चिनला हरवलं तेव्हा हेच झालं. पुढे ती तुर्कस्तानच्या बुसेनाज सुरमेनेलीकडून 5-0 ने हरली, पण कांस्य आधीच खिशात होतं.

उलट बाजू अशी की सगळी बाद फेरी. एक वाईट दिवस आणि परतीचं विमान. त्यामुळे सोडतीला फार महत्त्व. पॅरिसमध्ये निखत झरीन दोन वेळची जगज्जेती असूनही तिला मानांकन नव्हतं, म्हणून दुसऱ्याच लढतीत तिच्यापुढे अव्वल मानांकित चीनची वू यू आली आणि 5-0 असा निकाल लागला. दोघींची गाठ अंतिम फेरीत पडली असती, तर निखत त्याच पराभवासह रौप्य घेऊन परतली असती.

वजनगटांचंही तसंच. लंडनमध्ये महिलांचं बॉक्सिंग ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं, पण गट तीनच: 51, 60 आणि 75 किलो. तोवरची जागतिक सुवर्णं 48 किलो किंवा त्याखालच्या गटांत जिंकलेल्या मेरीला 51 मध्ये, आपल्यापेक्षा उंच मुलींशी भिडावं लागलं. अमित पंघालने 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत 49 किलोत ऑलिम्पिक विजेत्या हसनबॉय दुस्मातोव्हला 3-2 ने हरवून सुवर्ण घेतलं. टोकियोत तो गटच काढून टाकलेला होता. 52 मध्ये अव्वल मानांकन मिळूनही पंघाल पहिल्याच लढतीत हरला. शिवाय ज्या दिवशी लढत त्या दिवशी सकाळी वजन. एकदा वजन देऊन सुटका नाही. जितकं पुढे जाल, तितक्या सकाळी काट्यावर उभं राहायचं. विनेश फोगाटच्या शंभर ग्रॅमनंतर ही गोष्ट मराठी घराघरांत समजावून सांगायची गरज उरलेली नाही, जरी तो खेळ वेगळा असला.

2026 मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आणि जपानमधल्या आयची-नागोयाच्या आशियाई स्पर्धेत, दोन्हीकडे बॉक्सिंग आहे. तेव्हा एक करून बघा. टीव्हीचा आवाज बंद करा, कारण समालोचक आपलं मत तुमच्या डोक्यात नकळत भरत असतो. कागदावर तीन रेघा ओढा. प्रत्येक फेरी संपताच, फळ्यावर आकडे यायच्या आत, लाल की निळा ते लिहून टाका. बरोबरी लिहायची नाही, खाडाखोड करायची नाही. पहिल्या फेरीलाच हात अडखळतो की नाही बघा.

निशांतची लढत मी आणि माझ्या मावसभावाने अशीच पाहिली. मध्यरात्र उलटून गेलेली, आवाज बंद, दोघांच्या मांडीवर दोन वह्या. माझ्या वहीत निशांत 29-28, त्याच्या वहीत व्हर्दे 29-28. मधल्या फेरीवर आमचं जुळलं नाही. आम्ही दोघेही निशांतच जिंकावा म्हणून बसलो होतो, एकाच सोफ्यावर, एकाच कॅमेऱ्यातून बघत.